काचेचा भाऊ

काचा बोलायच्या, त्या काळातली गोष्ट. जनोबा घराच्या पडवीत, एका बंद पेटीत वाळूचा मारा करून अवजारांचा गंज काढायचे. आत बघायला पेटीला काच होती. वाळू उसळून ती आंधळी झाली, तेव्हा त्यांनी नवी बसवली.

"माझीही हीच गत होणार!" नवी काच घाबरली.

जनोबांनी तिला आतून प्लॅस्टिकचा पातळ, पारदर्शक कागद चिकटवला.

"ताई, वाळू आधी मला लागेल," कागद म्हणाला.

"मग तुझं काय?"

"मी धुरकट होईन. पण जनोबांना काम दिसायला हवं ना?"

काही दिवसांनी धुरकटलेला कागद जनोबा सोलू लागले, तेव्हा काचेला भरून आलं. "भाऊ, तुझ्यामुळे मला अजून दिसतंय."

"मग नीट बघ," तो हसला.

दुसरा कागद आला. तो काही बोलायच्या आत काच म्हणाली, "ये रे भाऊ, तुझे उपकार मी आधीच मानते."