राजाच्या डोक्यावर कोण?

वाड्याचं छप्पर चाळणीसारखं गळत होतं, आणि ते दुरुस्त करायला जो वर चढेल त्याचं डोकं उडवायचा हुकूम खुद्द राजानंच काढून ठेवला होता!

त्याचं असं झालं. वज्रसेन राजा एकदा अंगणात सूर्याला अर्घ्य देत होता. मान वर केली, तर छपरावर लंगोटी लावलेला एक गडी उकिडवा बसून कौलं सारखी करतोय. सूर्य राहिला बाजूला, राजाला भलतंच दर्शन झालं!

"राजाच्या डोक्यावर रयतेचे पाय? खबरदार! पुन्हा कोणी वर चढायचं नाही!"

तेव्हापासून दर उन्हाळ्यात कौलं नीट लावायची शाकारणी बंद. कौलं माकडांनी सरकवली. त्यांना हुकूम कोण वाचून दाखवणार? शेवाळ माजलं, वळचणीला पिंपळ उगवला. पावसाळ्यात थेट सिंहासनावर धार लागली. सिंहासन हलवावं, तर तिथं दुसरी धार! शेवटी दरबार मुदपाकखान्यात भरू लागला, आणि फोडणीच्या ठसक्यात राजाचा न्याय कोणाला ऐकूच येईना.

पुढच्या वर्षी मृग तोंडावर आला, तसं राजानं कौलं शाकारणाऱ्या म्हाताऱ्या तानूला बोलावलं.

"मृगाआधी छप्पर नीट कर. पण माझ्या डोक्याच्या वर कोणाचा पाय दिसता कामा नये!"

"सरकार, थोडे दिवस बागेतल्या बंगल्यात राहिलात तर..."

"छपरासाठी राजानं घर सोडायचं? काम झालं नाही तर तू तुरुंगात!"

तानू घरी येऊन डोकं धरून बसला. त्याची लेक आवडी भाकऱ्या थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, हात धुतले, पदर खोचला आणि तडक दरबारात गेली.

"सरकार, हुकूम एकदा नीट सांगा. गड्यांचे पाय कुठं नकोत?"

"माझ्या डोक्याच्या वर!"

"एवढंच ना? मग पाय खाली आणण्यापेक्षा डोकंच वर नेऊ! सरकारांनी छपराच्या अगदी शेंड्यावर, आढ्यावर बसावं. सगळे गडी आपोआप पायाखाली!"

दिवाण ओरडला, "महाराजांनी माकडासारखं छपरावर बसायचं?"

"माकड तुम्ही म्हणालात, दिवाणजी. मी नाही!"

राजानं मिशी चावली. पण हुकूम त्याचाच, आणि तो तंतोतंत पाळला जात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गड्यांनी खालून ढकलत, रेटत त्याला वर चढवलं. आढ्यावर गादी घातली, लोड लावला. अख्खं गाव अंगणात जमून आभाळाकडे बघत मुजरे करू लागलं.

दिवाणानं मेहुण्याच्या भट्टीतली तुकतुकीत कौलं आणवली होती. राजा वरून म्हणाला, "वा! हीच घाला!"

आवडीनं त्यातलं एक उचलून बोटानं वाजवलं. थप्! शेजारच्या कुंभाराचं साधं, ओबडधोबड कौल वाजवलं. टण्ण!

"सरकार, पहिलं आतून कच्चं आहे. पाणी पिऊन फुगेल आणि फुटेल. वर चकाकी, आत कच्चं! असा माल दरबारात खपतो, छपरावर नाही!"

राजाला हसू फुटलं. दिवाण नजर चुकवायला वर बघू लागला, तर वर राजाच बसलेला!

साधी कौलं आली. तानूनं शेवाळ खरवडलं, पिंपळ मुळासकट उपटला, कौलावर कौल नीट चढवलं. उन्हं कलायला काम संपलं, आणि गडी पटापट खाली उतरले. वर उरला एकटा राजा. त्यानं खाली पाहिलं आणि डोळेच मिटून घेतले.

"अरे, कोणीतरी या! वरून दोर धरा, मला उतरवा!"

तानू शिडीकडे धावला. आवडीनं त्याचा हात धरला.

"सरकार, दोर धरणारा आढ्यावर उभा राहणार. तुम्ही उतरू लागलात की त्याचे पाय तुमच्या डोक्यावर! आमची डोकी जातील!"

"मग खालून धरा!"

"धरतो की! सोडा पाय!"

राजानं एक पाय खाली सोडला, किंचाळला आणि आढ्याला घट्ट मिठी मारली. "नको, नको! वरच या! पाय द्या, हवं तर मांडी ठोकून बसा माझ्या डोक्यावर! हुकूम रद्द!"

"मोठ्यानं, सरकार! गावाला ऐकू आलं पाहिजे!"

"रद्द! रद्द! रद्द!"

तानूनं वर जाऊन दोर धरला आणि राजाला अलगद उतरवलं. जमिनीला पाय लागले तसा राजा आवडीकडे बघून एकदम खदाखदा हसत सुटला. पगडी पडली तरी थांबेना! गळ्यातला कंठा काढून त्यानं तिच्या हातात ठेवला, नदीकाठची आंब्याची बाग बापलेकीच्या नावे केली.

"आवडे, आजपासून वाड्याच्या छपराची कारभारीण तू! दरवर्षी शाकारणीला वर चढलीस, की मी खालून स्वतः मुजरा करीन!"

"मुजरा नको, सरकार," आवडी म्हणाली, "शिडी धरा!"