सरड्याचा डोल

माणसाला पैसा सुचण्याच्या कितीतरी आधी रानातल्या साऱ्या शेंगा घुशीच्या बिळात राहत, आणि राखणीपायी निम्म्या घूसच खाई. चिंगी खारीला या जाचातून सुटायचे होते.

सरडा म्हणाला, "चिंगीताई, शेंगा मला दे, डोल घे. माझी मान हलली की डोल तुझा, तुझी हलली की माझा. ना बीळ, ना घूस!"

चिंगीने सगळ्या शेंगा देऊन टाकल्या. सरड्याने तासभर मान हलवली.

पुढे पिल्ले भुकेने रडू लागली. चिंगी धावत आली. "सरडेदादा, डोल घ्या, शेंगा द्या."

"खुळी की काय? डोलाचा भाव चढतोय!"

"पण शेंगा आहेत कुठे?"

"घुशीच्या बिळात. एवढा माल उघड्यावर ठेवू? पटतंय ना?"

चिंगीला पटले. तिने मान हलवली, आणि एक डोल सरड्याचा झाला.