सोमवारची पेंड

मंडळी, विश्वास कुणावर ठेवावा, गोड बोलणाऱ्यावर की नीट वजन करणाऱ्यावर? फार वर्षांमागे पवळ्या बैलालाही हाच प्रश्न पडला होता.

तो मुंगूसशेठच्या तेलघाण्याला जुंपलेला असायचा. सोमवारी घाण्याला सुट्टी, आणि त्या दिवशी पवळ्याची पेंडही बंद. मंगळवारी बिचाऱ्याचे पाय लटपटायचे.

एका सोमवारी त्याने विचारलंच, "शेठ, सुट्टी तुम्हीच दिलीत, मग पेंड का कापता?"

"अरे पवळूबाळा, तू तर घरचाच. पण फिरला नाहीस, तर पेंड कशाची?" असं म्हणत शेठ नेहमीप्रमाणे घाण्याच्या लाकडाला तेल चोळू लागले.

"मग हा घाणा आज फिरला का?"

"छे, पण बंद दिवशी तेल दिलं नाही तर लाकूड तडकतं."

घाणा खुदकन हसला. "शेठ, मी तडकलो तर सुतार येईल. पवळ्या बसला तर कुणाला बोलवाल?"

शेठच्या मिशा थरथरल्या, मग तेही पोट धरून हसले. त्यांनी पाटीभर पेंड आणली, मागच्या सोमवारांचीही हळूहळू फेडली. मंगळवारी पवळ्या असा फिरला की घुंगरं थांबेनात.

तेव्हा मंडळी, एवढं करा. वहीत कुणाची सुट्टी लिहाल, तेव्हा तिच्यापुढे त्याची पेंडही प्रामाणिकपणे मांडा.