होडीवालीचा प्रश्न

खाडीकाठच्या एका गावी एकदा एक वृद्ध दुभाषी राहत असत. उभी हयात त्यांनी इंग्रज अंमलदारांच्या कचेरीत रयतेचे बोलणे साहेबांना आणि साहेबांचे बोलणे रयतेला सांगण्यात घालवली होती. दृष्टी मंदावली तसे ते काम सुटले. आता ते राममंदिराच्या ओसरीवर बसत आणि पूजा आटोपली की एका तरुण शिष्याला इंग्रजी शिकवत.

शिष्य बुद्धिमान होता. एकाने उच्चारलेले वाक्य दुसऱ्याने तिसऱ्याला कसे निवेदन करावे, हा इंग्रजीतला अवघड प्रकार त्याने लीलया आत्मसात केला होता. गुरुजींनी एखादे वाक्य उच्चारावे आणि याने क्षणार्धात ते फिरवून द्यावे. बोलणाऱ्याचा 'मी' तिथे 'तो' होई, 'आज'चे 'त्या दिवशी' होई, 'इथे'चे 'तिथे' होई. दिवसाकाठी शंभर वाक्ये तो अशी फिरवी आणि एकही चुकत नसे. येत्या गुरुवारी कचेरीत दुभाषी म्हणून तो प्रथमच उभा राहणार होता.

सुनावणी होती यसूबायची. पती निवर्तल्यापासून अठरा वर्षे ती खाडीवर होडी चालवत होती. वैद्य आणि बाजार पैलतीरी असल्यामुळे अलीकडच्या सात वाड्यांचा सारा भार तिच्या वल्ह्यावर होता. नव्या साहेबांनी हुकूम काढला होता की जुना धक्का लाकूड वाहणाऱ्या गलबतांना द्यावा आणि होडीसाठी खाडीत मैलभर वर नवा धक्का बांधावा. गुरुवारी यसूबायचे म्हणणे फेटाळले गेले, तर शुक्रवारी जुन्या धक्क्यावर गलबते बांधायचे खुंट ठोकले जाणार होते.

बुधवारी यसूबाय ओसरीवर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"लिव रे दादा. साहेबाला सांग, नव्या धक्क्याचा तुझा नकाशा भरतीच्या वेळेला काढलेला हाय. ओहोटीला तिथं कमरेइतका चिखल असतो. होडी रुतली, तर आतल्या बाळंतिणीला काय मी खांद्यावर टाकून वैद्याकडं नेऊ? आणि त्याला विचार, ओहोटीला तू सोता तिथं उभा राहिलास का कधी?"

शिष्य दचकला. "बाय, साहेबांना 'तू' म्हणतेस?"

"मग काय म्हणू? रामाला बी 'तू'च म्हणते मी. हा काय त्याच्यापेक्षा मोठा लागून गेला?"

ती होडीकडे परतली. शिष्याने सुबक अक्षरांत इंग्रजी निवेदन सिद्ध केले आणि मोठ्या अपेक्षेने गुरुजींना वाचून दाखवले. गुरुजींनी ते डोळे मिटून ऐकले. मग ते एवढेच म्हणाले, "यसूबायला परत बोलाव. आणि हे तिला मराठीतून ऐकव."

शिष्याला या आज्ञेचा अर्थ उमगेना. जिचे बोलणे, तिलाच ते काय ऐकवायचे? परंतु आज्ञा होती. यसूबाय हात पुसत आली. शिष्य वाचू लागला, "अर्जदार ही एक अनाथ, दीन विधवा असून, हुजुरांच्या चरणी मस्तक ठेवून ती नम्रपणे विनविते की, हुजुरांनी अपार दया करून तिच्या पोटापाण्याकडे कृपादृष्टीने पाहावे..."

यसूबायचे डोळे भरून आले. "अगं बाई! कुठल्या गावची वो ही? तिला म्हणावं, रडू नको. माझ्याकडं ये. आज भाकरी आणि बांगड्याचं कालवण केलंय."

"यसूबाय," गुरुजी शांतपणे म्हणाले, "ती तूच आहेस."

"मी?" तिने पदर कमरेला खोचला. "मी अनाथ? दोन लेक हायत माझे, ताडासारखे! आणि चरणावर मस्तक कधी ठेवलं रे मी? तुझं इंग्रजी जळो मेल्या!"

ती गेली. शिष्य खाली मान घालून बसला. त्याने विचारले, "गुरुजी, व्याकरणात कुठे चूक राहिली?"

गुरुजी म्हणाले, "व्याकरण निर्दोष आहे. नैवेद्य गाभाऱ्यात नेणाऱ्याला तू नित्य पाहतोस. भात पातेल्यातून पानावर येतो, भांडे बदलते, जागा बदलते. तसाच तिच्या तोंडचा 'मी' तुझ्या तोंडी 'ती' होईल. ते झालेच पाहिजे. पण नेणारा वाटेत त्यात स्वतःची चिमूटभर साखर घालत नाही. देवाला काय रुचेल, हे ठरवणारा तो कोण? तू तिच्या शब्दांत स्वतःची भीती कालवलीस आणि त्या भीतीला नम्रता असे नाव दिलेस. आणखी एक ऐक. विनंती नाकारता येते, मान हलवली की संपले. प्रश्नाला मात्र उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर देणाऱ्याला आधी आपल्याच आत पाहावे लागते. तिने साहेबांना तशी संधी दिली होती. ती तू वाटेतच काढून घेतलीस."

शिष्याने तो कागद फाडला.

गुरुवारी कचेरी भरली. सात वाड्यांची माणसे बाहेर उभी होती. यसूबाय जे बोलली, ते शिष्य एकेक करून निवेदन करू लागला. नकाशा भरतीच्या वेळी काढलेला आहे, असे ती म्हणते. ओहोटीला तिथे कमरेइतका चिखल असतो, असे ती म्हणते. मग तो क्षणभर थांबला.

शेजारून कचेरीचे मुख्य कारकून, शिरस्तेदार, कुजबुजले, "अरे, विनंती म्हण! विनंती म्हण, नाहीतर मेलास!"

शिष्याने ते ऐकले. तरी तो स्पष्ट स्वरात म्हणाला, "ती विचारते की, ओहोटीच्या वेळी साहेब स्वतः तिथे कधी उभे राहिले होते का."

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी नकाशाकडे पाहिले, मग यसूबायकडे. ती नजर न हलवता उत्तराची वाट पाहत होती. साहेबांनी चष्मा काढून मेजावर ठेवला.

"नाही," ते म्हणाले. आणि नकाशाची गुंडाळी करत, "आज ओहोटी केव्हा आहे, विचार तिला."

माध्यान्ही, ओहोटीच्या वेळी, साहेब नियोजित धक्क्याच्या जागी उतरले. चौथ्या पावलाला त्यांचे बूट दिसेनासे झाले, सहाव्या पावलाला गुडघे. काठावरून यसूबायने वल्हे पुढे केले. ते दोन्ही हातांनी घट्ट धरून साहेब बाहेर आले आणि धापा टाकत दोन वाक्ये बोलले.

शिरस्तेदारांनी तत्परतेने घसा साफ केला. "ऐका हो! हुजूर कृपावंत होऊन फर्मावतात..."

"नाही," शिष्य म्हणाला. "साहेब म्हणतात की त्यांची चूक झाली. धक्का जिथे आहे, तिथेच राहील."

दोन्ही तीरांवरून एकच जयघोष उठला. "सियावर रामचंद्र की जय!" पैलतीरीच्या नावाड्यांनी वल्ही उभी केली, बायकांनी यसूबायला कडकडून मिठी मारली, आणि चिखलाने माखलेल्या साहेबांनाही हसू आवरेना.

सायंकाळी शिष्य ओसरीवर येऊन गुरुजींच्या पाया पडला.

"सारे गाव तुझे नाव घेते आहे," गुरुजी म्हणाले. "तू काय बोललास रे तिथे?"

शिष्य विचारात पडला. मग त्याच्या मुखावर हळूहळू प्रसन्नता पसरली.

"मी काहीच बोललो नाही, गुरुजी. ती बोलली. मग साहेब बोलले."