सर्जादादाची रोपं

"कुणाला विचारून वाटताय ही रोपं?"

मी जोरात ओरडलो. निसर्ग केंद्राच्या अंगणात रोपवाटपाला जमलेली माणसं माझ्याकडं वळली.

टेबलामागं तात्या होते. उन्हाळ्यात बिया गोळा करायच्या, पावसाळ्यात रोपं वाटायची, थंडीत गावाला पाखरं दाखवायला न्यायचं, हे सगळं त्यांनीच सुरू केलं. माझा सर्जादादा त्यांच्याच हाताखाली शिकला. ही हिरड्याची रोपं त्यानं वाढवलेली. होळीच्या आधी तो गेला.

"तू सांग बंडा. काय करू?"

"घरी नेणार. सगळी. दादाचा हात लागलाय त्यांना."

"ने की."

मी भांडायच्या तयारीनं आलो होतो. टेम्पोसुद्धा आणला होता.

"खरंच नेऊ?"

"ने. फक्त आधी एक झाड पिशवीतून सोडवून दे मला."

त्यांनी शेडमागून एक जुनी पिशवी आणली. आत खुरटलेलं झाड. त्यांच्या बायकोनं, हौसाकाकूंनी लावलेलं. काकू गेल्यापासून तात्यांनी ते कुणाला दिलं नव्हतं, आणि काकूंचं नाव त्यांच्यासमोर कुणी काढत नसे.

मी ब्लेडनं पिशवी उभी फाडली.

आत माती उरलीच नव्हती. नुसती मुळं. गोल गोल फिरून एकमेकांना आवळून बसलेली.

"पाणी घालत नव्हता?" मी विचारलं.

"रोज घालत होतो..."

मी टेम्पोकडं बघितलं.

रांगेतल्या एका मावशीला मात्र दम निघत नव्हता. "आमचा बांध ढासळलाय रं. माती धरणारं झाड पाहिजे. एक दे की. का टेम्पोत घालून वरात काढतोस त्यांची?"

कुणीतरी हसलं. मलाही हसू आलं, आणि त्याचाच राग आला.

मी अंगणाच्या कडेला मांडलेल्या रोपांतली एक पिशवी उचलली. तळाच्या भोकातून मुळं जमिनीत शिरली होती. जरा ओढावं लागलं.

मावशीनं दोन्ही हातांनी रोप घेतलं. नेणाऱ्यानं वाढवणाऱ्याचं नाव विचारायचं, अशी तिथली रीत आहे.

"कुणी वाढवलं?"

मी तात्यांकडं बघितलं. ते खाली बघत होते.

"सर्जेराव... माझा भाऊ."

"लई गुणाचा हात. झाड बघायला ये म्हणावं त्याला. चहा पाजीन."

"सांगतो," मी म्हणालो.

मग दुसरा आला. त्यानंही विचारलं. मग तिसरी. घरी मी रडेन म्हणून सगळे दादाचं नाव टाळायचे. इथं अनोळखी माणसं ते विचारून घेत होती, पुन्हा म्हणून बघत होती, बाया डोक्यावर पदर सावरून हात जोडत होत्या. त्या माणसांचे उपकार माझ्यानं फिटणार नाहीत.

दुपारी सगळी रोपं संपली. टेम्पोही रिकामाच.

"तात्या, मला काय उरलं?"

तात्यांनी काकूंचं झाड मांडीवर घेतलं. आवळलेली मुळं ब्लेडनं हळूहळू कापली. ओली माती भोवती दाबली आणि झाड माझ्यापुढं धरलं.

मी दोन्ही हातांनी घेतलं. जायला वळलो.

"घेतलंस ना?" तात्या म्हणाले. "मग विचार की, कुणी वाढवलं."