न दिलेली गोळी

धर्मादाय रुग्णालयाचे अध्यक्ष तात्यासाहेब घोरपडे छातीत धडधडतं म्हणून आपल्याच रुग्णालयात भरती झाले. पदवीवाल्या नर्स काढून सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या मुली घ्यायच्या, असा ठराव त्यांच्या उशाशीच होता. येईल त्याला ते तो वाचून दाखवत. फक्त सही राहिली होती.

एके सकाळी पदवीधर नर्स एस्तेर साळवे हृदयाची धडधड कमी करणारी रोजची गोळी घेऊन आली. आधी तिने त्यांची नाडी पूर्ण मिनिटभर मोजली. ठोके भरले अवघे बेचाळीस; गोळीने ते आणखी उतरले असते. तिने गोळी परत ठेवली आणि डॉक्टरांना फोन लावला.

तात्यासाहेब खवळले. "चार वर्षं कॉलेजात घालवलीस आणि साधी गोळी देता येत नाही?"

"गोळी द्यायला मी सहा महिन्यांतच शिकले, साहेब. कधी द्यायची नाही, हे कळायला बाकीची वर्षं लागली. आज दिली असती, तर त्या ठरावावर सही दुसऱ्याच कुणाला करावी लागली असती."

डॉक्टर धावत आले आणि त्यांनी गोळी बंदच केली. तात्यासाहेब हळूच म्हणाले, "मग त्या मुलींचं काय करायचं?"

"हुशार आहेत. त्यांनाही पुढचं शिकू द्या," एस्तेर म्हणाली.

चार दिवसांनी गोळी पुन्हा सुरू झाली, तेव्हा तात्यासाहेबांनी तोंड उघडण्याआधी मनगट पुढे केलं.