जांभळ्या टाचांचं चित्र

एकदा एका शहरातल्या वसाहतीत मुलांना चित्रं काढायला शिकवणारे एक म्हातारे सर राहायचे. कारखानीस सर. वसाहतीतल्या निम्म्या आईबापांनी लहानपणी त्यांच्याकडेच दोन डोंगर आणि मधोमध उगवणारा सूर्य काढला होता, आणि त्या प्रत्येकाला सरांनी चष्म्यावरून बघत एकच विचारलं होतं, "हा कुठे बघितलास रे तू?"

सरांच्या हाताखाली एक शिष्या होती, शलाका. लहानपणी त्यांच्याकडेच शिकली, मग कॉलेजातून चित्रकलेची पदवी घेऊन आली, आणि आता वर्गात मदत करायची. उत्साह तर असा, की ब्रश धुवायला बसली तरी चार मुलं भोवती गोळा व्हायची. मुलं म्हणजे तिचा जीव.

सरांच्या वर्गात एकच नियम होता. मुलाच्या कागदाला मोठ्या माणसाने हात लावायचा नाही. काही दाखवायचंय? आपला कागद घ्या, त्यावर दाखवा. इतर क्लासमध्ये स्पर्धा जवळ आली की बाई चित्रांवरून 'जरासा हात फिरवतात', आणि मग तिसरीतल्या पोराचा घोडा एकदम बक्षीस घेण्याइतका देखणा होतो. सरांकडे ते अजिबात चालायचं नाही. सरांच्या वर्गातले घोडे कधी बाकासारखे दिसायचे, कधी कुत्र्यासारखे, पण ज्याचे त्याचे असायचे.

वसाहतीत दरवर्षी चित्रबाजार भरायचा. मैदानात मंडप पडायचा, दोऱ्यांना चिमटे लावून मुलांची चित्रं टांगायची, लोकांनी बोली लावून ती घ्यायची. जमेल त्यातून वर्गाचे पुढच्या वर्षीचे रंग आणि कागद यायचे. ज्याच्या चित्राला सगळ्यात मोठी बोली, ते मूल स्टेजवर थेट सरांच्या खुर्चीत बसायचं, आणि त्याला लाकडी रंगपेटी मिळायची. त्या खुर्चीत बसायला मुलं वर्षभर टपलेली असायची.

त्या वर्षी मंडप बांधायला भानुदास होता. त्याची मुलगी समृद्धी सरांच्याच वर्गात, चौथीत. बाजाराच्या आदल्या दिवशी बांबूला सुंभ आवळता आवळता भानुदास शलाकाला म्हणाला, "ताई, खरं सांगू का, हे रंगबिंग आमच्या घरात बसत नाही. तिची आई म्हणते पोरीचं गणित कच्चंय, शिकवणी लावा. म्हटलं बघू. उद्या कुणी तिचं चित्र घेतलं तर ठेवतो क्लासला. नाही घेतलं, तर जूनपासून बंद."

शलाका तशीच वर्गाकडे वळली. कारण दुपारीच तिने समृद्धीचं चित्र बघितलं होतं.

चित्रात समृद्धीचे पप्पा बांबूवर चढलेले होते. पण पाय केवढे! अर्धा कागद नुसते तळपाय. टाचांवर जांभळ्या खडूने रेघोट्याच रेघोट्या. वर शरीर निमुळतं होत गेलेलं, आणि सगळ्यात वर डोकं, चिंचोक्याएवढं. त्यात आकाश नारिंगी! ऑइल पेस्टल इतकं दाबून घासलेलं, की कागदाला चकाकी आलेली.

"हे कोण घेणार?" शलाका मनात म्हणाली. आणि मग वर्गात कुणी नाही बघून तिने पोस्टर कलर काढले. तेलकट खडूवर पाण्याचा रंग टिकत नाही, पण साबणाचा थेंब घातला की वरवर बसतो, ही कॉलेजातली युक्ती. नारिंगीवर सुंदर निळं आकाश आलं. पाय लहान झाले, डोकं मोठं झालं, टाचा गुळगुळीत झाल्या. चेहऱ्यावर छानसं हसू आलं. तिचे स्वतःचेच डोळे भरून आले. पोरगी वाचली, असं वाटलं तिला. दुसऱ्या दिवशी तिने ते अगदी दर्शनी जागी टांगलं.

संध्याकाळी मैदान नुसतं फुललं. बटाटेवड्यांचा वास, माइकची किंचाळी, आपापल्या चित्राखाली उभी राहून लोकांना हाताला धरून ओढणारी मुलं. "काका, माझं बघा! काका, तिचं नाही, माझं!"

समृद्धी मात्र दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती. आपल्याच चित्रासमोरून गेली आणि थांबली नाही. परत आली. खाली नाव वाचलं. पुन्हा वर बघितलं.

"ताई, माझं चित्र हरवलं."

"अगं वेडाबाई, हे काय! तुझंच नाव आहे ना?"

"नाव माझंय." तिने फाटकाकडे बघितलं. "ताई, मी घरी जाऊ?"

शलाका काही बोलणार, तेवढ्यात साड्यांच्या दुकानाचे शेठ त्या चित्रासमोर येऊन उभे राहिले. "वा! काय हसतोय माणूस! हे दुकानात गल्ल्याच्या मागे लावणार आपण," असं म्हणून त्यांनी असा आकडा लावला की मंडपात शिट्ट्या पडल्या. त्याच्यापुढे कुणी जाईना. मागे दोऱ्या गुंडाळत असलेल्या भानुदासचं तोंड उघडंच राहिलं. शलाकाला वाटलं, जमलं! जमलं एकदाचं!

सर मात्र शेठकडे बघत नव्हते. फाटकाकडे निघालेल्या समृद्धीकडे बघत होते. मग त्यांनी शलाकाच्या हाताकडे बघितलं. तिच्या नखाच्या कडेला निळा रंग होता.

"शलाका," सर म्हणाले, "एक फडकं भिजवून आण बघू."

तिला काही कळेना, पण आणलं. सरांनी चित्र चिमट्यातून काढून टेबलावर ठेवलं, समृद्धीला हाक मारून जवळ घेतलं आणि ओलं फडकं तिच्या हातात दिलं.

"पूस."

सगळा मंडप गार. शेठ ओरडले, "अहो सर, काय करताय! माझं चित्र आहे ते!"

"अजून दिलेलं नाही शेठ. पूस बाळ, घाबरू नकोस. हलक्या हाताने."

समृद्धीने भीत भीत एका कोपऱ्यात फडकं फिरवलं. निळा रंग ओघळला आणि खालून नारिंगी चमकलं. तिने सरांकडे बघितलं. मग काय, दोन्ही हातांनी सुरू झाली! आकाश गेलं, हसू गेलं, एक टाच आली, दुसरी टाच आली, जांभळ्या रेघा जशाच्या तशा.

"हे माझं!" ती किंचाळली. "सर, खाली माझंच होतं!"

शेठनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "सर, रागवू नका, पण हे पाय मी गल्ल्यामागे लावले तर गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच परत जाईल." सगळे हसले. शेठही हसले आणि त्यांनी तेवढ्याच बोलीला दुसऱ्या एका मुलाचा पोपट घेतला. त्या मुलाने खुर्चीकडे अशी धूम ठोकली की विचारू नका.

समृद्धीच्या चित्राला कुणी बोली लावली नाही.

शलाकाला भानुदासकडे बघवेना. तोच पुढे आला. ओल्या चित्राशी वाकला.

"काय गं हे? माझं डोकं एवढंसंच?"

"मग? तुम्ही वर असता," समृद्धी म्हणाली. "मी खाली दोरी धरून उभी असते. तिथून पायच दिसतात. डोकं लांब जातं."

"आणि हे जांभळं?"

"भेगा आहेत. थंडीत रक्त येतं ना तुम्हाला."

भानुदास सरळ झाला. त्याने चपलेतून एक पाय बाहेर काढला, वळवून स्वतःची टाच बघितली आणि पाय पुन्हा आत सरकवला.

"तुला दिसतात होय खालून," तो हळूच म्हणाला. "बरं. पुढच्या वर्षी टाचांना मलम चोळून येतो. तेव्हा नीट काढ."

"पुढच्या वर्षी?"

"मग काय उद्या? गणित मी घेतो तुझं. रोज बांबू मोजतोच की."

शलाका फडकं घेऊन नळावर गेली. पिळलं की निळं पाणी, पिळलं की निळं पाणी. सर मागे येऊन उभे राहिले.

"सर, मी तिच्या भल्यासाठीच..."

"ते ठाऊक आहे गं. मायेशिवाय एवढं सुरेख आकाश येत नाही कुणाच्या हातून. पण बघ, ते पोर बापाकडे बघत होतं आणि कागदातून आपल्याला म्हणत होतं, या, मी उभी आहे तिथे उभे राहा. तू तिथे गेलीच नाहीस. तिलाच उचलून आपल्या जागी आणलंस. तिथून तिला तिचा बाप दिसेना, म्हणून ती घरी निघाली." सर थोडे थांबले. "तुझं निळं आकाश मला आवडलं, शलाका. किती दिवसांनी काढलंस! आता तुझ्या स्वतःच्या कागदावर काढ. पुढच्या बाजारात मी बोली लावीन."

सकाळी मंडप उतरवायचा होता. शलाका लवकर गेली. भानुदास वर गाठी सोडत होता, समृद्धी खाली दोरी धरून उभी होती.

"ताई, जरा धरता? हात दुखला."

शलाकाने दोरी हातात घेतली आणि मान वर केली. डोक्यावर दोन प्रचंड तळपाय. भेगा. त्यांच्या पलीकडे निमुळता होत गेलेला माणूस, आणि पार वर एवढंसं डोकं. त्याच्या मागे मंडपाचं कापड, ऊन झिरपून सगळं नारिंगी झालेलं.

"दिसलं?" समृद्धीने विचारलं.

शलाकाने नुसती मान हलवली आणि दोरी घट्ट धरली.